नऊचा निरोप

स्वेटर आणायला गेला नसता तर त्याला तो दिवा दिसलाच नसता. मागच्या खेपेला यंत्रांच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर राहिलेला स्वेटर. आज सकाळपासून नाक गळत होतं म्हणून आठवला, नाहीतर तोही तिथेच लटकत राहिला असता. त्या खोलीत शिरायचं त्याला सहसा कारण पडत नसे. त्याचं टेबल काचेच्या दाराच्या अलीकडे, आणि पलीकडे काही घडलं तर ते निरोपाच्या रूपाने त्याच्या फोनवर यावं अशी व्यवस्था. ती त्यानेच लावलेली. स्वेटर काखेत मारून तो वळला आणि कपाटांच्या ओळीत, दाटीने पेटलेल्या हिरव्या ठिपक्यांमध्ये, गुडघ्याच्या उंचीवर त्याला एक नारिंगी ठिपका दिसला. लुकलुकत नव्हता. नुसता होता. वर्गात एखाद्या मुलाने हात वर करून बसावं, मास्तरांनी फळ्याकडे तोंड करून शिकवत राहावं, आणि मुलाने हात खालीही घेऊ नये, तसा. तो वाकला. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला. ठिपका नारिंगीच राहिला. खोलीतला पंख्यांचा आवाज एरवी त्याला ऐकू येत नसे. आता एकाएकी आला, आणि हा आवाज आपण इतकी वर्षं ऐकत नव्हतो की ऐकून सोडून देत होतो, असला काहीतरी निरुपयोगी प्रश्न त्याच्या डोक्यात उगवला. त्याच्या डोक्यात नेमक्या वेळी नेमके असलेच प्रश्न उगवत.

ते कपाट म्हणजे इस्पितळाची स्मरणशक्ती होती. कुणाच्या फुप्फुसांचे, कुणाच्या मोडलेल्या मनगटांचे, कुणाच्या पोटातल्या न जन्मलेल्या बाळांचे फोटो त्यातल्या डिस्कांवर ठेवलेले. जुन्या फोटोंची दुसरी प्रत होती. अलीकडच्या महिन्यांचं जे होतं ते एवढ्या कपाटातच. एक डिस्क गेली तर बाकीच्या तिचा वाटा आपसात उचलतात. वर कुणाला पत्ता लागत नाही, डॉक्टर बटण दाबतो, फोटो येतो. पण तिच्या जागी नवी बसायच्या आत दुसरी गेली तर फोटो येत नाही. कुणाचाच येत नाही. म्हणून तर सगळी राखण: डिस्क गेली रे गेली की कपाटाने सॉफ्टवेअरला कळवायचं आणि सॉफ्टवेअरने त्याला. त्याला कुणी कळवलं नव्हतं. उलट आज सकाळी, रोजच्यासारखा, नऊ वाजता निरोप आला होता: सर्व ठीक.

खणातली कोरी डिस्क काढताना त्याची बोटं वेष्टनावर घसरत होती. मेलेली ओढून काढली; हाताला ती कोमट लागली. नवी आत सरकवली तेव्हा दिवा हिरवा झाला आणि घाईघाईने लुकलुकू लागला. बाकीच्या डिस्का आता आपापल्या आठवणीतून तिला गेलेलं सगळं परत सांगत बसणार, दुपार टळेल. तोवर दुसरी टिकली पाहिजे. आणि ह्याच वेळात त्यांच्यावर सगळ्यांत जास्त ताण. हे त्याला माहीत होतं, आणि माहीत असण्याचा अजिबात उपयोग नव्हता. टेबलाशी येऊन त्याने कपाटाची स्वतःची नोंद उघडली. काही आठवड्यांपूर्वीची ओळ सापडली: डिस्क निकामी, निरोप पाठवला. पुढे काही नाही. कपाट एकदाच सांगतं. पोचलं का, ऐकलं का, हे विचारायला थांबत नाही. ते तसंच बनवलेलं असतं. त्याने सॉफ्टवेअरची बाजू उघडली. त्या दिवशीचं पान रिकामं होतं. एकाने सांगितलं होतं आणि दुसऱ्याला सांगितलं गेलंच नव्हतं, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम हातभर वायर.

‘मी एकदाच सांगते हं.’ हे बायकोचं वाक्य. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच तिने ते म्हटलं होतं, भांडणात नव्हे, हसत हसत. ‘आमच्याकडे एकदाच सांगायची पद्धत आहे. आई भात वाढू का म्हणून एकदा विचारायची. नाही म्हटलं की संपलं.’ तेव्हा त्याला गंमत वाटली होती. त्याच्या घरी सगळंच तीनतीनदा सांगितलं जाई, त्यामुळे पहिल्या दोन वेळा ऐकायची गरज नसे. ते वाक्य आता का आठवावं? तो पडद्यावरच्या रिकाम्या पानाकडे बघत राहिला आणि त्याला खात्रीने जाणवलं की तिनेही काहीतरी सांगितलं होतं. अलीकडेच. जेवणं झालेली, तो पुस्तक घेऊन बसलेला, ती दाराशी उभी. एक वाक्य, फार लांब नाही. आणि तो ‘हं’ म्हणाला होता. ‘हं’ अगदी स्पष्ट आठवत होतं, घशातला त्याचा कंपसुद्धा. वाक्य आठवत नव्हतं.

नेटवर्क सांभाळणारी बाई आली ती हातात चहाचा कप आणि खांद्यावर वायरीचं भेंडोळं घेऊन. तिचा मुलगा कॉलेजात होता, पण ह्याला ती काका म्हणे आणि ह्याची पुरेपूर थट्टा करी.

‘काका, चेहरा असा काय? पुस्तकात कुणी मेलं का?’

‘डिस्क मेली. कधीच मेली. मला कळलं नाही.’

तिने कप खाली ठेवला. ‘अलर्ट?’

‘नाही आला.’

‘आणि तुमचं ते नऊचं?’

‘ते आलं.’

ती हसली नाही, ह्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. नऊचा निरोप ही त्याची कल्पना. सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते फक्त बिघाड झाला तरच बोलणारं होतं, आणि त्याला गप्प बसणाऱ्याची भीती वाटे. गप्प आहे म्हणजे ठीक आहे की मेलंय, हे कसं कळावं? म्हणून त्याने त्याला रोज सकाळी एक वाक्य बोलायला शिकवलं. साहेबांनी तेव्हा बैठकीत कौतुक केलं होतं, आणि त्याला कान गरम होऊन बसल्या जागी विरघळून जावंसं वाटलं होतं. आता ते वाक्य नेमकं कसं तयार होतं हे त्याने पुन्हा एकदा, एखाद्या परक्याचं लिखाण वाचावं तसं वाचलं. सॉफ्टवेअर स्वतःलाच विचारत होतं, रात्रभरात काही बिघाडाचं ऐकू आलं का? नाही आलं. मग सर्व ठीक. बहिऱ्याला विचारावं, गावात भांडण झालं का, तर तो म्हणणार, छे, अगदी शांतता आहे. एवढी साधी गोष्ट. इतकी वर्षं रोज नऊ वाजता तो निरोप बघून त्याच्या छातीतलं काहीतरी सैल होत असे, आणि मग तो चहा घेऊन वाचायला मोकळा.

त्याने चाचणीचं बटण दाबलं. फोन लगेच थरथरला: ही चाचणी आहे. क्षणभर त्याला हुरूप आला.

‘बघ, येतंय की.’

‘येणारच,’ बाई म्हणाली. ‘हे त्याचं तोंड तपासलंत तुम्ही. कान कुठे तपासलात?’

साहेब येऊन दाराशी उभे राहिले. त्यांना बातमी कुणी दिली कोण जाणे; वाईट बातम्यांना वायर लागत नाही.

‘किती गेलं?’

‘गेलं काही नाही, साहेब. अजून.’

‘अजून म्हणजे?’

‘म्हणजे अजून,’ तो म्हणाला, आणि आपण उद्धटपणा केला की काय ह्या शंकेने त्याने मान खाली घातली. साहेबांनी लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ‘मग रोजचं ते सर्व ठीक कशाच्या जोरावर?’ ह्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं, मघाशीच वाचलेलं, पण तो चष्मा पुसत राहिला. बाईच म्हणाली, ‘तेच शोधतोय, साहेब. जेवणाच्या आत सांगतो.’ साहेब गेले. जाताना दार हळू लावून गेले, आणि ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मग तासभर बाई वायर, स्विच, निरोपाची सगळी वाट तपासत बसली आणि तो शेजारी बसून शोधल्यासारखं करत राहिला. शोधत होता तो दुसरंच. त्या संध्याकाळी दाराशी उभी असताना बायकोच्या हातात काय होतं? पदर, टॉवेल, काही नाही? वाक्यात ‘मला’ होतं. ‘मला’ने सुरू झालं होतं, बहुतेक. मला जायचंय, मला वाटतं, मला बरं नाही. ह्यांतलं कुठलंही बसवून बघितलं तर बसत होतं आणि कुठलंही खरं वाटत नव्हतं. अलीकडे घरात आणखी काही काही झालं होतं. कप टेबलाच्या कडेवर ठेवला जाऊन फुटला होता, मग आणखी एक. तो म्हणाला होता, ‘आता स्टीलचेच आणू,’ आणि आपल्या विनोदावर स्वतःच हसला होता. तिच्या डाव्या दंडावर निळं पडलं होतं. ‘दार लागलं,’ ती म्हणाली होती. दार तर त्या घरात तीस वर्षं तिथेच होतं. त्याने हे सगळं पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि वाट पाहिली होती, कशाची, ते आता त्याला कळेना. कुणीतरी फोन थरथरवून सांगेल, ह्याची असेल.

‘सापडलं,’ बाई म्हणाली. ‘काका, इकडे या. तुमच्या सॉफ्टवेअरने निरोप ऐकायचे ते सर्व्हरच्या ह्या दारावर ना? त्या दारात दुसराच बसलाय.’

बॅटऱ्यांवर नजर ठेवणारा एक प्रोग्रॅम. बॅटरी कंपनीचा माणूस येऊन तो ह्याच सर्व्हरवर बसवून गेला होता, आणि त्यालाच तर ह्याने खुर्ची दिली, चहा दिला, स्वेटर विसरला तो त्याच दिवशी. तो प्रोग्रॅमही निरोप ऐकणारा, आणि ऐकायचं दारही तेच. सर्व्हर बंद करून चालू केला तेव्हा तो आधी उठला आणि दारात बसला. ह्याचं सॉफ्टवेअर मागून आलं, दार अडलेलं पाहिलं, कुणी कधी उघडत नाही अशा कोपऱ्यात ‘दार मिळालं नाही’ अशी एक ओळ खरडली, आणि आत जाऊन आपलं काम करू लागलं. नऊ वाजता सर्व ठीक म्हणू लागलं.

‘म्हणजे निरोप घरापर्यंत आला होता,’ तो म्हणाला.

‘आला होता तर. दारातल्याने घेतला. त्याला बॅटरीशिवाय काही कळत नाही. कळलं नाही म्हणून टाकून दिला. पालथ्या घड्यावर पाणी.’

घेतला, कळला नाही, टाकून दिला. त्याच्या कानशिलात ते वाक्य ठक ठक करू लागलं. दारात दुसराच बसला होता. त्या संध्याकाळी त्याच्या मांडीवर हिरव्या पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक होतं, हेही आता आठवलं.

बॅटऱ्यांच्या प्रोग्रॅमला तिने दुसरं दार दिलं, ह्याच्या सॉफ्टवेअरला पुन्हा उठवलं. चाचणीचं बटण दाबायला त्याचा हात गेला तसा तिने तो बाजूला सारला. ‘ते नाटक नको आता. खरं दुखवून बघू.’ कपाटाला विजेच्या दोन वायरी असतात. एक काढली तरी ते चालतं, फक्त कुरकुरतं. ती आत गेली, काचेतून त्याच्याकडे बघत वाकली आणि एक वायर उपसली. त्याने फोन तळहातावर धरला. काही झालं नाही. एवढ्यात दुसरी डिस्कही दगा देईल, ही वायर काढायला नको होती, आपण तिला थांबवायला हवं होतं, आपण कधीच कुणाला वेळेवर काही म्हणत नाही. फोन थरथरला. विजेची एक बाजू बंद. इतकी आनंदाची वाईट बातमी त्याला कधी मिळाली नव्हती. काचेपलीकडे तिने अंगठा वर केला, वायर लावली आणि बाहेर येऊन हात झटकत, भेंडोळं खांद्यावर टाकत सहज म्हणाली, ‘काकूंच्या डोळ्याचं काय म्हणाले मग? परवा दिसल्या खाली, डोळ्यांच्या विभागात. मी म्हटलं, काकांना बोलावू का वरून? तर म्हणाल्या, नको, त्यांना माहीत आहे.’

तो तिच्याकडे बघत राहिला. ‘ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘सगळं ठीक आहे.’

साहेबांना कारण सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं. दुपारनंतरचं ती बघेल, तुम्ही घरी जा, तुमचं नाक बघा किती लाल झालंय.’ बसमध्ये त्याला खिडकीशी जागा मिळाली आणि तो नेहमीप्रमाणे पिशवीतलं पुस्तक काढायला गेला, आणि हात पिशवीतच राहिला. ती बाई चुकली असेल. बायको चष्म्याचा नंबर बदलायला गेली असेल. पण ‘मला’च्या पुढचं वाक्य आता आपोआप जुळत चाललं होतं, आणि एकदा जुळू लागल्यावर मागचं सगळं त्याच्या मागोमाग येत होतं: कप, दंड, दार. आणि अजून एक. ते आठवलं तेव्हा त्याने खिडकीच्या दांडीला घट्ट धरलं. गेले काही महिने संध्याकाळी फिरायला गेलं की ती त्याच्या उजव्या बाजूने येऊन त्याचा हात धरून चालू लागली होती. इतक्या वर्षांत रस्त्यावर तिने कधी हात धरला नव्हता, दोघांनाही लाज. पहिल्या दिवशी तो इतका बावरला की पावलं चुकली. कुणाला बोलला नाही, पण रोज संध्याकाळची वाट पाहू लागला. उतारवयात असं होतं म्हणतात, पुस्तकांत वाचलं होतं, आपल्याही वाट्याला आलं, असं मनाशी म्हणत राहिला. तिच्या डाव्या बाजूला तो असायचा. रोज. डावीकडून येणारा रस्ता, सायकली, खांब, माणसं, सगळ्यांच्या आणि तिच्या मध्ये तो. तो नारिंगी दिवा रोज संध्याकाळी त्याच्या दंडाला धरून चालत होता, आणि तो सुखात होता.

घराची किल्ली त्याच्याकडे होती. त्याने आवाज न करता दार उघडलं. ती जेवणाच्या टेबलाशी बसून घड्या घालत होती, कपड्यांचा ढीग उजवीकडे, डावा खांदा दाराकडे. तो आत आला आणि तिच्या डाव्या बाजूला, हात पोचेल इतक्या अंतरावर उभा राहिला. हे करणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. तिने उशीचा अभ्रा झटकला, दुमडला, तळव्याने सपाट केला. तिच्या चेहऱ्यावर कुणी पाहत नसतानाचा चेहरा होता. त्याने हात थोडा वर उचलला. ती दुसरा अभ्रा घेऊ लागली.

‘उभं राहून काय बघताय?’ मान न वळवता ती म्हणाली. ‘दार उघडलं की बाहेरचा वारा येतो आत. आणि नाक ओढताय मघापासून.’

तो खुर्ची ओढून बसला. नकळत तिच्या उजवीकडे जाऊन बसला.

‘तू मला काहीतरी सांगितलं होतंस.’

‘कधी?’

‘मी वाचत होतो तेव्हा.’

‘मग ते रोजचंच झालं.’ ती हसली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, पुरतं पाहायला मान थोडी जास्त वळवून, आणि हातातला अभ्रा खाली ठेवला. ‘सांगितलं होतं. तुम्ही हं म्हणालात.’

‘परत सांग.’

‘एकदा सांगितलंय.’

‘मला पोचलं नाही,’ तो म्हणाला. ‘माझं चुकलं असेल, नाही, चुकलंच. पण परत सांग.’

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. ‘मला डावीकडचं दिसत नाही,’ ती म्हणाली. ‘डाव्या डोळ्याने. कडेपासून कमी कमी होत गेलं. उजवा सांभाळून घेत होता म्हणून मलाही उशिराच कळलं.’

‘हं’ त्याच्या घशापर्यंत आलं होतं. त्याने ते गिळलं. ‘डाव्या डोळ्याला दिसत नाही,’ तो म्हणाला. ‘कडेपासून गेलं. उजवा सांभाळून घेत होता.’

‘पाढे म्हणताय का?’

‘नीट पोचलं का बघतोय.’ तिला हे विचित्र वाटलं असणार. त्यानेच पुढे विचारलं, ‘डॉक्टर काय म्हणाले?’

‘डोळ्यातला दाब वाढलाय. थेंब दिलेत रोजचे. उजव्यालाही घालायचे, तो जाऊ नये म्हणून. गेलेलं येत नाही म्हणाले, आहे ते राखायचं.’ तिने अभ्रा पुन्हा हातात घेतला. ‘लेकीला सांगितलं फोनवर. ती म्हणाली, आधी बाबांना सांग. म्हटलं, सांगितलंय.’

‘आणि मी विचारलं नाही तेव्हा?’

‘मला वाटलं, पान संपलं की विचारतील.’

हे तिने तक्रारीने म्हटलं नाही. साधं, घड्या घालता घालता. तो त्या हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तकातलं काहीतरी, एखादं नाव, एखादं वाक्य आठवायचा प्रयत्न करू लागला, एवढ्या मोबदल्यात काय मिळालं होतं ते बघायला, आणि त्यातलं काही म्हणजे काही आठवेना.

फोन थरथरला. त्याने तो पालथा घातला.

‘बघा ना,’ ती म्हणाली. ‘मी कुठे पळून जातेय.’

त्याने भीत भीत पाहिलं. डिस्क पूर्ववत. कपाट सुरक्षित. त्याने ते मोठ्याने वाचलं.

‘म्हणजे चांगलं की वाईट?’

‘चांगलं. एक गेली होती. तिचं होतं ते बाकीच्यांनी मिळून परत भरून दिलं. सगळं.’

‘बरं आहे त्यांचं,’ ती म्हणाली.

त्याला विचारायचं होतं, संध्याकाळी हात धरतेस तो तेवढ्यासाठीच का. विचारायला सोपं होतं, पाच-सहा शब्द. ओठ उघडलेही. पण उत्तर एकदाच मिळणार होतं, आणि ते ऐकायची आपली तयारी आहे की नाही ह्याची त्याला खात्री नव्हती. तो म्हणाला, ‘थेंब घालायची वेळ झाली का?’

‘झालीय. मीच घालते रोज. अर्धे गालावर जातात.’

‘मी घालतो.’

‘तुम्ही?’ तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, कडेपासून चांगला आत, आणि मान मागे टाकली. तो उभा राहिला. बाटली इतकी लहान होती की त्याच्या बोटांत ती हरवत होती. डाव्या डोळ्यावर वाकला तेव्हा त्याला वाटलं की तो डोळा त्याच्याकडे बघतोय. इतका नेहमीसारखा होता तो, तपकिरी, ओला, कोपऱ्यात बारीक लाल रेघा असलेला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. त्याने एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं आणि बाटली दाबली.

‘पडला?’

‘गालावर.’

त्याने बाहीने तिचा गाल पुसला, पुन्हा बाटली दाबली. ‘आता?’

तिच्या पापण्या मिटल्या होत्या, आणि त्यांच्या कडेने एक ओली रेघ कानाकडे चालली होती. थेंबाची असेल, नसेलही. तो बाटली धरून तसाच वाकून उभा राहिला. पाठ दुखायला लागली.

‘सांग ना,’ तो म्हणाला. ‘पडला का?’

‘पडला,’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, डोळे न उघडता, पुन्हा एकदा म्हणाली, ‘पडला हो.’